‘गप्प बसून सिनेमा बघा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ‘चोखंदळ पुणेकर’,

ऑडिओ कॉमेंट्रीची (म्हणजे सिनेमा चालू असताना त्यावर कुणीतरी बोलत राहतं, त्या वेगळ्या आवाजाच्या ट्रॅकची) बाजू घेणाऱ्या माझ्या लिखाणावरची तुमची प्रतिक्रिया खरमरीत आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चांगल्या सिनेमाला समजावून सांगणारा लागत नाही, लागला तर तो फसला. ऑडिओ कॉमेंट्री म्हणजे दिग्दर्शक आणि नटांनी एकमेकांची पाठ थोपटत घालवलेले दोन तास. आणि लॉ कॉलेज रोडवर फिल्म आर्काइव्हच्या अंधारात शेजारी कुणी कुजबुजलं तरी डोळे वटारणाऱ्या माणसाने ही बडबड कानात का ओतून घ्यावी?

शेवटचं आधी. सिनेमा पहिल्यांदा बघताना कॉमेंट्री लावूच नये. इथे आपलं भांडण नाही.

पण ‘समजावला म्हणजे फसला’ हे पुण्यात बसून कसं म्हणवतं हो? तुकोबांच्या चार ओळींवर बुवा तासभर निरूपण करतात. समोरच्या आजींना अभंग तोंडपाठ असतो, तरी त्या उठून जात नाहीत. आणि फिल्म इन्स्टिट्यूटचे प्राध्यापक सतीश बहादूर याच शहरात वर्षानुवर्षं ‘पथेर पांचाली’ शिकवत होते, तो काय फसलेला सिनेमा म्हणून?

आता पाठ थोपटण्याबद्दल. कॉमेंट्रीची सुरुवात मुळात दिग्दर्शकाने केलेलीच नाही. १९८४मध्ये क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने १९३३चा ‘किंग काँग’ लेझरडिस्कवर (डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती) आणला. सिनेमा मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा, आणि डिस्कवर आवाजाचे ट्रॅक दोन, म्हणजे एक रिकामा. त्यावर बोलले रोनाल्ड हेव्हर, लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातले सिनेमाचे क्युरेटर. आपलं फिल्म आर्काइव्ह उभं करणाऱ्या पी. के. नायर यांच्या जातकुळीचा माणूस. त्या सिनेमात त्यांचं स्वतःचं काही नव्हतं, मग पाठ थोपटणार कुणाची?

मला कॉमेंट्री का आवडते याचं खरं कारण वेळेत आहे. मुलाखतीत माणूस शंभरदा सांगून गुळगुळीत झालेले किस्से सांगतो. कॉमेंट्रीत शॉट समोर येतो, सरकतो आणि जातो. तेवढ्या सेकंदांत त्या चौकटीबद्दल बोलायचं, नाहीतर संधी गेली. अमेरिकी समीक्षक रॉजर इबर्ट यांची ‘सिटिझन केन’वरची कॉमेंट्री ऐका. केन, बर्नस्टीन आणि थॅचर यांच्या प्रसंगात मागच्या खिडक्या नेहमीच्या मापाच्या वाटतात. केन मागे चालत जातो आणि कळतं, खिडकीची खालची कडाच त्याच्या डोक्याच्याही वर आहे. खोल्यांना छत दिसतं ते कापडाचं, वर मायक्रोफोन लपवता यावेत म्हणून. हे पुस्तकात वाचलं की ‘असं का’ म्हणून आपण पान उलटतो. नेमक्या त्या क्षणी कानावर पडलं की डोळे आपोआप खिडकीकडे जातात. आणि ही कॉमेंट्री झाली तेव्हा ‘केन’चे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स हयातही नव्हते.

टुकार कॉमेंट्र्या ढिगाने आहेत, तेही खरं. ‘टोटल रिकॉल’वर श्वार्झनेगर पडद्यावर दिसतं तेच बराच वेळ सांगत राहतात. (विनोदी म्हणून ऐकायला हरकत नाही.) कॉमेंट्री न ऐकलेल्यांनीही ऐकलेला किस्सा ‘आर्मागेडन’चा: अंतराळवीरांना तेलविहीर खणायला शिकवण्यापेक्षा तेलविहिरी खणणाऱ्यांना अंतराळवीर करणं सोपं कसं, असं आपण दिग्दर्शकाला विचारलं आणि त्याने गप्प बसायला सांगितलं, असं त्यातले नट बेन ॲफ्लेक कॉमेंट्रीत सांगतात. याला पाठ थोपटणं म्हणायचं?

टीव्हीवाले तर याहून परखड. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेचे कर्ते रोनाल्ड मूर भागागणिक पॉडकास्ट करायचे, भागासोबत लावून ऐकायचा. ‘ब्लॅक मार्केट’ हा भाग जमला नाही, हे त्यांनी त्याच भागाच्या कॉमेंट्रीत सांगून टाकलं. स्वतःच्या फसलेल्या कामावर चाळीसेक मिनिटं शांतपणे बोलणारा माणूस आपल्याकडे मला तरी भेटलेला नाही.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर माझी हाव ‘संत तुकाराम’ची आहे. दामले-फत्तेलाल दोघं दिग्दर्शक. त्यांतले विष्णुपंत दामले प्रभातचं ध्वनिमुद्रण सांभाळायचे, फत्तेलाल कलादिग्दर्शन. १९३६च्या यंत्रांवर तुकाराम झालेल्या पागनीसांचा आवाज कसा धरला, गरुडाचं विमान कसं उडवलं, हे त्यांच्या तोंडून त्या त्या प्रसंगावर ऐकायला मिळालं असतं तर! ‘आधी बीज एकले’ सुरू होताच कुणी सांगितलं असतं की हा तुकोबांचा अभंग नव्हे, शांताराम आठवल्यांची रचना आहे, आणि भलेभले इथे फसले. तुम्ही तेव्हाही ‘शू’ केलं असतंत का, हे मला खरंच जाणून घ्यायचंय.

इबर्टपासून सुरुवात करा. ‘केन’ तुम्ही आधी पाहिलेला आहेच. फक्त डीव्हीडी प्लेअर माळ्यावर टाकला असलात तर तो खाली काढावा लागेल, कारण ओटीटीवाले सिनेमा देतात, हा ट्रॅक बहुतेक वेळा देत नाहीत.