समांतर विश्वातला पासवर्ड

क्वांटम संगणकावरच्या माझ्या परवाच्या व्याख्यानात टाळ्या पडल्या त्या मला नव्हेत, तर दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थांना, आणि तो सल अजून गेलेला नाही.

"प्रश्न नाही, थोडी भर घालतो," असे म्हणून त्यांनी ध्वनिक्षेपक घेतला आणि तो परत मिळवण्याचे स्वयंसेवकाचे सर्व प्रयत्न नुसत्या खांद्याने परतवून लावले. हा संगणक सगळी उत्तरे एकदम तपासतो, तेव्हा आपल्या जुन्या ईमेलचा विसरलेला पासवर्ड तो क्षणात सांगेल, असे त्यांचे म्हणणे होते. मी विनयाने सांगितले की क्युबिट, म्हणजे या संगणकातली माहितीची मूळ एकके, अनेक शक्यतांच्या मिश्र अवस्थेत असतात हे खरे, परंतु मोजमाप करताच त्यांतली एकच हाती लागते. म्हणून चुकीच्या उत्तरांचे तरंग एकमेकांना खोडतील आणि योग्य उत्तराचे बळावतील अशी रचना आधी शोधावी लागते, आणि ती मोजक्याच प्रश्नांसाठी सापडली आहे.

"पासवर्डसाठी सापडली आहे का, तेवढेच सांगा."

संगणकशास्त्रज्ञ लव ग्रोव्हर यांच्या १९९६ च्या पद्धतीने दहा लाख शक्यतांतून एक शोधायला सुमारे ७८५ पावले लागतात, असे मी म्हणालो.

"चालेल," ते उदारपणे म्हणाले, "मला घाई नाही."

प्रत्येक पावलाला पासवर्डची पडताळणी त्या यंत्राच्या आतच व्हावी लागते, आणि ईमेल कंपनीचा सर्व्हर मिश्र अवस्थेतल्या पासवर्डला दाद देत नाही. तो काही चुकांनंतर खातेच बंद करतो, हेही मी सांगितले. गृहस्थ क्षणभर थांबले, मग माझ्याकडे करुणेने पाहत म्हणाले, "सर, समांतर विश्वे असतात ना? त्यांतल्या एकात तरी मी तो विसरलेलो नसणार. संगणकाने तिथे जाऊन मलाच विचारायचे!"

टाळ्या इथे पडल्या.

या कल्पना लोकांच्या डोक्यात कोण भरवते, हे मला ठाऊक आहे. गूगलच्या ५३ क्युबिटच्या यंत्राने २०० सेकंदांत केलेल्या कामाला महासंगणकाला १०,००० वर्षे लागतील, हा २०१९ मधला दावा सर्वत्र मिरवला गेला. ते काम म्हणजे व्यवहारात जवळजवळ निरुपयोगी अशा यादृच्छिक मंडलांचे (वाटेल तशा जुळवलेल्या क्वांटम क्रियांच्या मालिकांचे) नमुने काढणे होते, आणि आयबीएमच्या मते त्याला अडीच दिवस पुरले असते, हे मथळ्यात मावले नाही. पूर्ण शून्यापेक्षा, म्हणजे ज्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या बिंदूपेक्षा, अंशाच्या जेमतेम शंभराव्या भागाने उबदार अशा थंडीत ठेवूनही हे क्युबिट चुका करतात, हे तर कोणाला ऐकायचेच नसते.

निसर्ग, अगदी त्यातले अणू-रेणूही, क्वांटम नियमांनी चालतो, तर त्याची नक्कल करणारे यंत्रही त्याच नियमांचे हवे, ही भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली अपेक्षा पासवर्डहून कितीतरी मोठी आहे, पण रेणूंचे नाव काढताच श्रोते घड्याळाकडे पाहतात. गणितज्ञ पीटर शोर यांच्या मोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या १९९४ च्या पद्धतीमुळे आरएसए कूटलेखनाला, म्हणजे इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवण्याच्या एका प्रचलित पद्धतीला, खरोखर धोका आहे, आणि त्यावर तोड म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये कूटलेखनाची तीन नवी मानके जाहीरही केली. ती जुन्या यंत्रणांत बसवण्याच्या रटाळ कामात भर घालायला मात्र कोणी ध्वनिक्षेपक मागत नाही.