फ्रीजरचं दार आणि माझी बोंब

आमच्या घरात फ्रीजरचं दार उघडं दिसलं की मी ओरडतो. "दार लाव, बिल कोण भरणार?" हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलत असेन. परवा लेकीने शांतपणे विचारलं, "बाबा, एकदा दार उघडलं की वीज जाते तरी किती?" मला सांगता येईना. मग कागद-पेन घेऊन बसलो.

हिशेब ढोबळ आहे, पण बघा. फ्रीजर 50 लिटरचा धरा. त्यातली सगळी गार हवा बाहेर सांडली आणि 30 अंशांची दमट हवा आत शिरली, तरी ती भरते जेमतेम 60-70 ग्रॅम. ती हवा आणि तिच्यातली वाफ पुन्हा उणे 18 अंशांपर्यंत न्यायची तर साधारण 6-7 किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. आता त्याच 30 अंशांचं 1 लिटर पाणी गोठवायला ठेवा. जवळजवळ 500 किलोज्यूल! त्यातले 334 तर नुसते पाण्याचा बर्फ होण्यातच जातात. म्हणजे एक लिटर पाणी गोठवणं आणि दार सत्तर वेळा उघडणं सारखंच. वाफाळतं भांडं थेट आत सारलं तर आकडा शंभराच्या घरात. आणि आमच्याकडे घाईघाईने गरम भांडी आत कोण सारतं? मीच.

दार उघडं ठेवून विचार करत उभं राहावं असं मी म्हणत नाही. आत शिरलेली वाफ भिंतींवर बर्फ होऊन बसते आणि तो थर पांघरुणासारखा काम करतो. आतली उष्णता भिंतींतल्या गार कॉइलपर्यंत (गॅसच्या नळ्यांपर्यंत) पोचत नाही, कॉम्प्रेसर उगाच धापा टाकत राहतो. थर अर्धा सेंटीमीटर झाला की बटण बंद करून वितळू द्यावा. चाकू मात्र लावू नका. मी लावला होता. फुस्स असा बारीक आवाज आला, गॅस गेला. त्या एका आवाजाचा खर्च निघायला किती वर्षांचं वीजबिल वाचवावं लागेल, हे मेकॅनिकला विचारायची हिंमत झाली नाही. फ्रॉस्ट-फ्री असेल तर ही भानगडच नाही, तो आतल्या हीटरने स्वतःच बर्फ वितळवतो. अर्थात तो हीटरही वीज खातोच.

खरी गळती चोवीस तास चालू असते, भिंतींतून आणि दाराच्या रबरातून. आम्ही नॉब कायम शेवटच्या आकड्यावर ठेवायचो, का ते कोणालाच माहीत नव्हतं. आत थर्मामीटर ठेवला तर उणे 25! साठवणीला उणे 18 पुरतं. त्याखालचा प्रत्येक अंश फुकट पोसायचा. नॉब मागे घेतला, एक दिवस थांबून पुन्हा मोजलं, मग अजून थोडा मागे. मागची कॉइल, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी जाळी, पुसली तर धुळीची अख्खी गोधडी निघाली. फ्रीज भिंतीपासून जरा पुढे ओढला.

शेवटी रबर. कागदाची पट्टी दारात धरायची, दार लावायचं, पट्टी ओढायची. वरती घट्ट, मधे घट्ट, बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात मात्र पट्टी अलगद हातात आली. रबराच्या घड्या पुसल्या, गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरून तो कोपरा थोडा सरळ केला. अजून पुरता बसलेला नाही. नवीन रबर मागवलंय. ते येईपर्यंत माझ्या ओरडण्यावर घरात बंदी आहे.