पदकाच्या कडेवरचं नाव

सकाळपासून डोकं ठिकाणावर नाही. लिहून टाकते, नाहीतर घरातल्यांवर निघेल.

जुन्या बाजारात गेले होते. एका पथारीवर कुलपं आणि बंद घड्याळं, त्यांच्या मधे पत्र्याच्या डब्यात पदकं. दुसऱ्या महायुद्धातली. एक उचललं. पुढे सहावा जॉर्ज, मागे दोन डोक्यांच्या ड्रॅगनवर उभा सिंह. रिबन कधीच गेलेली. "घ्या ताई, दोनशेला देतो. भोक पाडून किचेन मस्त होते."

किचेन!

कड उजेडाकडे धरली. नंबर, हुद्दा शिपाई, नाव, पुढे मराठा पलटण, तेही जुन्या इंग्रजी स्पेलिंगमधे. नाव अगदी आपल्या गावाकडचं. त्या युद्धाची पदकं ब्रिटिश शिपायांना कोरीच मिळाली, पण भारतीय शिपायांच्या पदकांवर नाव ठोकलेलं असायचं. गोल पदकाच्या कडेवर, ताऱ्याच्या आकाराच्या पदकाच्या पाठीवर. म्हणजे माल कुणाचा ते त्यावरच लिहिलंय, आणि तरी तो पथारीवर येतो.

माझे आजोबा याच पलटणीतले. इटलीत लढले, 'इतली' म्हणायचे. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण अंगठ्याचं नख पदकाच्या कडेवरून फिरवत ते स्वतःचं नाव बरोबर म्हणायचे. आजी चिंचेने तारे घासून द्यायची. मी तिसरीत असताना ते पंधरा ऑगस्टला पदकं लावून माझ्या शाळेत आले. झेंड्याजवळ एका मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर सांगितलं, "आजोबा, आज तरी इंग्रजांचे बिल्ले काढून ठेवा." त्यांनी काढले. एकेक पिन सोडवून कोटाच्या खिशात टाकली आणि मग ताठ उभं राहून झेंड्याला सॅल्यूट केला. माझं बोट त्यांच्या हातात होतं. तो हात थरथरत होता.

इंग्रजांचे कसले? आपली पंचवीस लाख माणसं त्या युद्धात इंग्रजांच्या हिंदुस्थानी फौजेत होती, सक्तीची भरती नसताना. सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास परत आली नाहीत. बेचाळीसचा लढा पेटला असताना ही माणसं इंग्रजांच्या गणवेशात होती आणि बरीचशी पोटासाठी गेली होती, हे मान्य. पण पोटासाठी गेलेल्याची छाती काय कमी फाटते गोळीने?

यशवंत घाडगे घ्या. रायगडातल्या पळसगावचे, वय 22. 10 जुलै 1944 ला इटलीत त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, एकाला गोळी घातली, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचलं. मग लपलेल्या शत्रूच्या गोळ्यांनी तिथेच गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. माणगावात स्मारक आहे, ठीक. पण 2023 मधे इटलीतल्या मोंतोने गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? आणि निमजच्या नामदेव जाधवांचं नाव? तेही व्हिक्टोरिया क्रॉसवाले, तेही इटलीतलेच, 1945 चे.

थांबते जरा. राग त्या पथारीवाल्यावर नाही, तो पोट भरतोय. शाळेतल्या त्या माणसावरही आता तेवढा नाही.

आजोबा गेल्यावर वर्षभरात घर आवरलं. पितळेची भांडी मोडीत द्यायला काढली, त्यात त्यांच्या पदकांचा डबा गेला. मी कॉलेजात होते, समोर उभी होते. काट्यावर डबा ठेवताना आत खळखळ झाली ती ऐकली. बोलले नाही. खिशात गेलेली ती पदकं त्यांनी पुन्हा कधीच छातीवर लावली नव्हती, त्यामुळे घरातही ती कुणाच्या लेखी काही नव्हती. माझ्या लेखी होती, आणि मी बोलले नाही.

म्हणून आज पथारीवरचा पूर्ण डबा घेऊन आले. सात आहेत. सातही नावं मोठ्याने वाचली. आजोबांचं त्यात नाही.

नावं इथे टाकत नाही, ती त्यांच्या घरच्यांची. कुणाच्या पणजोबांची पदकं अशीच कुठे गेली असतील तर नाव आणि पलटण मला इनबॉक्समधे कळवा. आणि ज्यांच्या माळ्यावर असा डबा अजून आहे, त्यांनी आजच खाली काढा.

दोन तारे पार काळे पडलेत. चिंच भिजत घातली आहे.