फाइल बिघडली की केबलवर ढकलू नका

‘एनएफएसवरची फाइल बिघडली तर दोष नेटवर्कचा नाहीतर सर्व्हरच्या डिस्कचा. क्लायंट नुसता निरोप्या. केबल बदला, सॉफ्ट माउंट लावा, विषय संपला.’ एनएफएस म्हणजे दुसऱ्या मशीनवरच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या, फाइली नेटवर्कवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायची पद्धत; त्या वापरणारं मशीन म्हणजे क्लायंट. सॉफ्ट माउंट म्हणजे सर्व्हरचं उत्तर वेळेत आलं नाही तर प्रयत्न सोडून देणारी जोडणी. सर्व्हर सांभाळणाऱ्यांत हा सल्ला सर्रास फिरतो. यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे, आणि त्यापायी लोकांचा डेटा जातो.

‘नेटवर्कवरून डेटा पोचवणारं टीसीपी चेकसम तपासतं, मग चूक येईल कुठून?’ चेकसम, म्हणजे डेटा वाटेत बदलला का हे पडताळायचा आकडा, काढला जातो तो क्लायंटने पाठवायला घेतलेल्या बाइट्सवर. ते बाइट्स मेमरीतच चुकले असतील, तर चुकीचाच डेटा सुखरूप पोचतो.

‘क्लायंट नुसता निरोप्या’ हे तर अजिबात पटत नाही. तो फाइलची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) स्वतःच्या मेमरीत ठेवतो, लिहिलेलं मागाहून पाठवतो, फाइलची लांबी लक्षात ठेवतो. ८००० बाइट्सची फाइल ५००० वर कापा आणि पुन्हा ८००० पर्यंत वाढवा. मधल्या ३००० बाइट्समध्ये शून्यंच दिसायला हवीत. पण कापताना क्लायंटने शेवटच्या पानाची शेपटी पुसली नाही, तर जुना मजकूर पुन्हा वर येतो. ते पान नंतर सर्व्हरवर लिहिलं गेलं की चूक कायमची. यात केबलचा संबंध कुठे आला? एनएफएस तिसऱ्या आवृत्तीत आणखी एक जबाबदारी आली: सर्व्हरने ‘कमिट’ची (डेटा पक्का साठवल्याची) पोच देईपर्यंत क्लायंटने पानं सोडायची नाहीत, आणि मध्येच सर्व्हर रीबूट झाला तर तीच पानं पुन्हा पाठवायची. इथे हिशेब चुकला की डेटा गेला.

‘एकच मशीन वापरत असेल तर धोका नाही.’ दोन मशीन एकाच फाइलच्या शेवटी लिहू लागली तर गोंधळ होतो, हे खरं. पण ती एनएफएसची जाहीर मर्यादा आहे, बग नव्हे. बग एका मशीनवरही निघतात. एफएसएक्स हे ॲव्ही टेव्हेनियन यांचं जुनं चाचणी-साधन एकाच फाइलवर वाटेल त्या क्रमाने वाचतं, लिहितं, कापतं, एमएमॅप करतं (फाइल थेट मेमरीत जोडतं) आणि प्रत्येक वेळी मेमरीतल्या अचूक प्रतीशी ताडून पाहतं. त्याने फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइलसिस्टिम कोडमधले, विशेषतः एनएफएसमधले, वर्षानुवर्षं दडलेले बग उघडे पाडले. जानेवारी २००२ च्या ४.५ आवृत्तीत ते दुरुस्त झालेले होते.

सॉफ्ट माउंटचा सल्ला सर्वांत घातक. लिनक्सचं मॅन पेजच (सोबत येणारं माहितीपान) बजावतं की सॉफ्ट टाइमआउटमुळे काही वेळा डेटा गुपचूप बिघडू शकतो. वेळ संपली की क्लायंट एरर देऊन मोकळा होतो, आणि फाइल बंद करताना आलेली ती एरर कितीतरी प्रोग्राम बघतच नाहीत. ज्या माउंटवर लिहिलं जातं, तिथे हार्ड माउंटच ठेवा, म्हणजे उत्तर येईपर्यंत प्रयत्न करत राहणारी जोडणी.

राहिलं ‘असे बग पुन्हा घडवता येत नाहीत’. एफएसएक्सला तोच सीड, म्हणजे क्रियांचा क्रम ठरवणारा आकडा, द्या, क्रियांचा तोच क्रम पुन्हा चालतो; चुकलेला बाइट फाइलमध्ये नेमका कुठे आहे आणि त्याआधी काय काय घडलं, हे तो छापून देतो.