काळ्या माशीला नुसता कार्बन डायऑक्साइड पुरतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. एक, काळी माशी (सिम्युलियम, ओढ्या-नद्यांजवळ आढळणारी रक्त पिणारी छोटी माशी) कार्बन डायऑक्साइडवरच येते. सापळ्याला लावायचे लॅक्टिक आम्ल, अमोनिया वगैरे गंध म्हणजे आमिषाच्या पुड्या खपवायची युक्ती. दोन, कॅनडात ऑन्टारियोतल्या कॉटेजवर तुम्ही १०० ग्रॅम साखर आणि यीस्ट घातलेली बाटली रात्रभर ठेवली, बाहेर १० अंश होतं, एकही माशी सापडली नाही. म्हणजे माझ्या लेखातली, यीस्टच्या वायूवर माश्या पकडायच्या सापळ्याची कृतीच चुकीची.

आधी बाटलीचं बघू. ही माशी दिवसा आणि उघड्यावर चावते, त्यामुळे रात्रीची बाटली वायाच गेली. शिवाय यीस्ट साखर आंबवतं तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो, पण १०० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तरी जेमतेम २८ लिटर वायू निघतो. बारा तासांवर पसरला तर मिनिटाला ४० मिलिलिटर. शांत बसलेला माणूस मिनिटाला २०० ते २५० मिलिलिटर सोडतो. त्यात १० अंशाला यीस्ट जवळपास थंडावतं, म्हणजे तेवढाही निघाला नसणार.

अडीच लिटर कोमट पाणी (३५ अंशांच्या आसपास), २५० ग्रॅम साखर, साडेसतरा ग्रॅम कोरडं यीस्ट असं प्रमाण घ्या. पाणी कढत नको, यीस्ट मरतं. बाटली थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. झाकणात नळी बसते तिथे साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. बहुतेक गळती तिथेच असते. आणि बाटलीच्या तोंडातून माशी आपणहून आत शिरेल ही अपेक्षा सोडा. वायूच्या मागावर ती येते, घिरट्या घालते, पण उतरायला तिला ठळक दिसणारा पृष्ठभाग लागतो. नळीचं तोंड निळ्या-काळ्या पट्ट्यांच्या, चिकट लेप दिलेल्या कापडाजवळ आणा.

आता मुख्य मुद्दा. कार्बन डायऑक्साइडचं महत्त्व मी नाकारत नाही. माशीच्या तोंडाजवळच्या पाच पेरांच्या पाल्पमध्ये (मिशीसारख्या छोट्या अवयवात), तिसऱ्या पेरात, एक संवेदी पिशवी असते. तिला लुट्झचं इंद्रिय म्हणतात. कार्बन डायऑक्साइड टिपायचं काम तिचं. पण हा वायू गायही सोडते, माणूसही, बदकही. सावज जवळ आहे एवढं त्यावरून कळतं, कोणतं आहे ते कळत नाही.

याचा दाखला तुमच्याच प्रांतात आहे. अल्गॉन्क्विन पार्कात फॅलिस आणि स्मिथ या संशोधकांनी लून या पाणपक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी असलेल्या तैलग्रंथीचा ईथरमध्ये अर्क काढला. लूनवर जगणाऱ्या सिम्युलियमच्या एका जातीच्या माश्या त्या अर्काकडे आल्या, कार्बन डायऑक्साइडची जोड मिळाल्यावर आणखी. हे १९६४ सालचं काम आहे, तेव्हा पुड्या विकणारं कोणी नव्हतं.

रिव्हर ब्लाइंडनेस (काळ्या माशीच्या चाव्यातून पसरणारा, आंधळेपण आणू शकणारा कृमींचा रोग) पसरवणाऱ्या जातींचंही तसंच. मेक्सिकोत तयार झालेल्या ‘एस्पेरांझा विंडो ट्रॅप’ या सापळ्याला कार्बन डायऑक्साइडसोबत घामातल्या घटकांचं आमिष लावतात. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोत त्याच सापळ्यावर यीस्टचा वायू आणि माणसाने वापरलेली, न धुतलेली पँट लावली. म्हणजे पुडी विकत घ्यायलाच हवी असं नाही, इथे तुमचं बरोबर आहे. बीजी-ल्यूर या तयार आमिषाच्या पुडीत लॅक्टिक आम्ल, अमोनिया आणि कॅप्रॉइक आम्ल असतं. पँटमध्ये यांच्यासह कितीतरी गंध फुकट मिळतात. पुडीचा फायदा एवढाच की प्रमाण ठरलेलं राहतं, आणि दोन गावांतल्या पकडीची तुलना करता येते. पँट प्रत्येकाची वेगळी.

ही तुलना मला फार महत्त्वाची वाटते. रोगाचा प्रसार थांबला हे सिद्ध करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार किमान ६,००० माश्या तपासाव्या लागतात. सापळा नसेल तर त्या पकडायला कुणीतरी नदीकाठी पाय उघडे टाकून बसायचं असतं. त्या माणसांना तिथून उठवता यावं म्हणून हे गंध शोधले जातात.

कॉटेजवर पुन्हा लावायचं असेल तर सकाळी लावा, वारा पडलेला असताना, बसायच्या जागेपासून लांब आणि ओढ्याच्या बाजूला. खुर्चीशेजारी लावलात तर सापळ्याच्या वासावर आलेल्या माश्या तुम्हालाच चावतील.