वन बीएचकेतला ‘घरौंदा’

जुना हिंदी चित्रपट घरी बसून पाहणं हा आराम आहे असं ज्यांना वाटतं, त्यांचा हॉल रात्रीसुद्धा हॉलच राहत असावा. वन बीएचकेत साडेदहानंतर हॉलची बेडरूम होते. टीपॉय उचलून टीव्हीखाली सरकवल्याशिवाय सोफा-कम-बेड उघडत नाही, आणि त्यावर झोपणारा माणूस कधीही चित्रपटाच्या बाजूनं नसतो. तेव्हा १९७७ सालचा ‘घरौंदा’ पाहायचा बेत असेल तर सातच्या ठोक्याला सुरू करा. कुकर त्याआधी उतरवून ठेवा. तिसरी शिट्टी नेमकी वाक्याच्या क्रियापदावर येते.

दिग्दर्शक भीमसैन. हे नाव उच्चारलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘जोशी?’ असाच येतो. नाही. विजया मुळे यांच्या ‘एक अनेक और एकता’ या लघुपटाचं अॅनिमेशन केलं ते हे. चिमण्या आणि जाळं म्हटलं की चाळिशीपुढची मंडळी लगेच मान डोलावतात, आणि एवढ्या भांडवलावर पहिली वीस मिनिटं शांततेत जातात.

शांततेत म्हणजे माणसांच्या. टीव्ही गप्प बसत नाही. सिनेमास्कोप म्हणजे रुंद पडद्याचे नसलेले त्या काळातले बहुतेक चित्रपट रुंदी-उंचीच्या ४:३ या प्रमाणातले. नवा टीव्ही १६:९. त्याला दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या बघवत नाहीत, म्हणून तो चित्र ताणतो, आणि अमोल पालेकर एक तृतीयांशानं रुंद होतात. ‘झूम’ केलंत तर वरखालून मिळून चौथाई चित्र जातं, आणि कपाळावर बोलपट चालतो. चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार ‘४:३’ किंवा ‘ओरिजिनल’ करा. घरातलं कोणी तरी ‘एवढा मोठा टीव्ही घेतला तो अर्धा काळा ठेवायला का?’ म्हणणारच. उत्तर देऊ नका, पट्ट्या राहू द्या.

मग ते ‘मोशन’वालं सेटिंग. कुठे त्याला ट्रूमोशन म्हणतात, कुठे मोशनफ्लो, कुठे ऑटो मोशन प्लस. काम एकच: चित्रपटाच्या सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) मधे टीव्ही आपल्या मनानं आणखी चौकटी घुसवतो. मग पडद्यावरची माणसं लोण्यावरून घसरल्यासारखी चालतात आणि सत्तरच्या दशकातली मुंबई कालच्या सासू-सुनेच्या मालिकेसारखी दिसते. ते पूर्ण बंद. ‘लो’ नव्हे, बंद.

खरी गोम आवाजात आहे, आणि ती सहसा कोणाला कळत नाही. जुन्या व्हीसीडी-डीव्हीडीवरून उतरवलेल्या बऱ्याच प्रती सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींच्या हिशेबानं पळतात. म्हणजे चार टक्के जास्त वेग. दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत आटोपतो, ते परवडलं. पण संगीतकार जयदेव यांचं गाणं समजा पेटीच्या काळी एकमध्ये असेल, तर ते जवळजवळ पांढरी दोनला जाऊन टेकतं. ‘दो दीवाने शहर में’मधले भूपिंदर सिंग सर्दी उतरल्यासारखे वाटले, किंवा रूना लैला यांना कुठं तरी पोचायची घाई आहे असं वाटलं, तर दोष त्यांचा नाही. संगणकावर पाहत असाल तर वेग ०.९६ करा आणि प्लेअरच्या सेटिंगमधली ‘टाइम स्ट्रेचिंग’ची खूण काढा. ती राहिली तर वेग उतरतो, सूर मात्र वरच लटकतो. घरात पेटी असेल तर पडताळून पाहा. पेटीच उतरलेली असेल तर जाऊ द्या.

इतकं झालं की चित्रपट दिसायला लागतो, आणि तिथून खरा त्रास सुरू होतो. कारण ‘घरौंदा’ प्रेमकथा म्हणून पाहणं मुंबईकराला जमतच नाही. एका ऑफिसातली दोघं, सुदीप आणि छाया, लग्न करायचंय पण जागा नाही. तो मित्रांबरोबर खोली वाटून राहतो, ती भाऊ-वहिनीकडे. दोघं फ्लॅट बघायला निघाली रे निघाली की आपल्या सोफ्यावर सोसायटीची सर्वसाधारण सभा भरते. ‘कार्पेट किती?’ हा पहिला प्रश्न. मग कोणी तरी समजावतं की रेरा या बांधकामांच्या कायद्यात आतल्या भिंती कार्पेटमध्ये धरतात, बाहेरच्या नाही, बाल्कनीही नाही. दुसरं म्हणतं, नोंदणीकृत करार नसताना १० टक्क्यांवर दमडी द्यायची नाही. तिसऱ्याच्या मते फ्लॅट छायाच्या नावावर घ्यायला हवा होता, स्टॅम्प ड्युटीत १ टक्का वाचला असता. ती सवलत २०२१ची, रेरा २०१६चा, चित्रपट १९७७चा; पण जागेच्या गोष्टीत सालाला कोण विचारतो? रिमोट हातात ठेवा आणि ‘पॉज’ कोणालाही देऊ नका. एकदा थांबला की माणसं स्वतःच्या पझेशनच्या तारखा काढतात.

बिल्डर पैसे घेऊन पळतो, तेव्हा मात्र कोणी कायदा काढत नाही. ज्याचे पैसे त्यात बुडाले तो मित्र, साधू मेहेर, जीव देतो. इथं पंख्याचा आवाज ऐकू येतो. ज्याच्या ओळखीत असं रखडलेलं एकही बांधकाम नाही, असा प्रेक्षक या शहरात शोधून दाखवावा.

या चित्रपटाची मनासारखी कदर झाली नाही असं मी म्हणतो ते याच्या पुढच्या भागासाठी. ‘चितचोर’ येऊन एकच वर्ष झालेलं. त्यातले पालेकर आणि जरीना वहाब हीच गोड जोडी इथं आहे. आणि हा गोड मुलगा प्रेयसीला सुचवतो, ऑफिसच्या मालकाशी लग्न कर. त्याचं हृदय कमजोर आहे, फार दिवस नाहीत, मग सगळं आपलंच. हे ऐकल्यावर पालेकरांवर माया करणाऱ्या घरातल्या समस्त काकू एकदम ताठ बसतात. त्यांना तो धक्का सोसत नाही, आणि माझ्या मते चित्रपटाचं मोल नेमकं तिथं आहे. नीच बेत आखायला दुष्ट माणूस लागत नाही, मुंबईत भाड्याची खोली पुरते.

मालक मोदी म्हणजे डॉ. श्रीराम लागू. लागू खरोखरीचे डॉक्टर, पण कान-नाक-घशाचे. हृदय त्यांच्या खात्यात नव्हतं. म्हणून की काय, मोदी मरत नाहीत. लग्न झाल्यावर तब्येत सुधारते, छाया त्यांच्यात गुंतत जाते, आणि सुदीपचा हिशेब कागदावरच राहतो. फिल्मफेअरनं सहायक अभिनेत्याचा पुरस्कार लागूंना दिला तो याच भूमिकेसाठी. ‘तुम्हें हो न हो’ हे नक्श लायलपुरींचं गाणं या भागात नीट ऐकायचं असतं. मोदींनी छायाला बंगला दिला की माणूस, यावर सोफ्यावर दोन तट पडतात. मतदान घेऊ नका.

शेवटाची दहा मिनिटं उरली की सोफ्याच्या टोकाला कोणी तरी उशी घेऊन उभं राहिलेलं असतं. टीपॉय उचलला जातो, तो थेट पडद्याच्या खालच्या कडेला येतो. सुदीप छायाशी शेवटचं बोलत असतो आणि त्याच्या हनुवटीपाशी कालचं वर्तमानपत्र आणि डासांची अगरबत्ती. सगळ्यांनी एकदा उठायचं, गादी ओढायची, भिंतीला टेकून उभ्यानं बघायचं. पाठमोरा सुदीप शहराच्या गर्दीकडे निघालेला असतो, आणि आपल्या हॉलमध्ये चादरीचं टोक कोणी खोचायचं ते ठरत असतं.