गाणे घरात राहिले तर

रशियाच्या अतिपूर्वेकडील कामचात्का द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील इतेलमेन या मूळ रहिवासी लोकांच्या नृत्यगीतांविषयी बोलताना बाहेरचा माणूस हमखास विचारतो की, रोजच्या व्यवहारात रशियन बोलणाऱ्यांची ही कला ‘अस्सल’ कशी मानायची. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो.

२०१० च्या जनगणनेत सुमारे ३,२०० जणांनी आपली नोंद इतेलमेन अशी केली; मातृभाषा येते असे सांगणारे मात्र शंभराहूनही कमी होते. ही अवस्था आपोआप आलेली नाही. अठराव्या शतकात रशियन सत्तेच्या कोसॅक सैनिकांची दडपशाही आणि देवीची साथ यांत हा समाज खचला. विसाव्या शतकात मुले निवासी शाळांत गेली, लहान गावे बंद करून माणसे कोव्रानसारख्या वस्त्यांत हलवण्यात आली. १९३२ साली लॅटिन लिपीत निघालेले इतेलमेन भाषेचे पहिले पाठ्यपुस्तक लवकरच मागे पडले आणि सिरिलिक म्हणजे रशियन लिपीतील पुस्तकासाठी १९८८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात आजीची भाषा नातवंडापर्यंत पोहोचू दिली गेली नाही, त्यांच्याकडेच शुद्धतेचा दाखला मागायचा, हे कोणत्या न्यायाने?

कोव्रानच्या ‘एल्वेल’ या नृत्यपथकाने पक्ष्यांच्या आणि सीलच्या हालचालींवर बेतलेली नृत्ये मंचावर जिवंत ठेवली, हे ऋण मोठेच आहे. तरीही मंचावरचा प्रेक्षक टाळ्या वाजवून निघून जातो. घरातले मूल मात्र आईच्या सुरात सूर मिसळता मिसळता शब्द उचलते, आणि त्याला कुत्खची गोष्ट ऐकायला मिळते. कुत्ख हा सृष्टी घडवणारा कावळा, पण खादाड आणि स्वतःचीच फजिती करून घेणारा. डोंगर इतके उभे आणि नद्या इतक्या वेगवान का केल्यास म्हणून प्रवासात इतेलमेन त्याला शिव्या घालत, असे अठराव्या शतकातील प्रवाशांनी नोंदवले आहे. (निर्मात्यालाच धारेवर धरणारी ही भक्ती मला फार आवडते.) असली गोष्ट पाठ करून घेण्याची नसते, हसत हसत सांगण्याची असते.

म्हणूनच शरद ऋतूतील ‘अल्खालालालाय’ उत्सवात आईवडील आणि मुले एकत्र नाचतात, तेव्हा पावले जुनी की नव्याने बसवलेली, याचा हिशेब मला दुय्यम वाटतो. संशोधकांनी ध्वनिमुद्रित केलेली वृद्धांची गाणी मात्र आधी त्यांच्या नातवंडांच्या हाती पडली पाहिजेत. संग्रहालयांचा हक्क त्यानंतरचा.